मक्कडा-संताणा : घराभोवतीचे कोळी आणि आपली जयणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)

 

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, १९७४ साली, आपल्या ट्रस्टचे बीज रोवले गेले. त्या वेळी मी महाविद्यालयात जाण्याच्या तयारीत असलेला मुलगा होतो आणि या वास्तूच्या पायासाठी दगड आले तेव्हा ते मोजायला मला बसविले होते. पन्नास वर्षांनंतर त्याच वास्तूत बोलण्याचा मान मला मिळत आहे, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे.

व्याख्यानाचा विषय ‘कोळी’ असा ठरला, तेव्हा काहींना हसू आले असेल. सुवर्णमहोत्सवात तत्त्वज्ञानावर, इतिहासावर, दानधर्मावर बोलावे. कोळ्यावर काय बोलायचे? परंतु या विषयाला एक निमित्त घडले. गेल्या पावसाळ्यानंतर उपाश्रयाच्या मागील बागेत कुंपणाच्या मेंदीवर आणि जास्वंदीवर सात-आठ मोठी जाळी दिसू लागली. महोत्सवापूर्वी रंगरंगोटी करायची होती. त्याबरोबर संपूर्ण आवारात कीटकनाशकाची फवारणीही करून घ्यावी, अशी सूचना आली. काही श्राविकांनी हरकत घेतली, काही बंधूंनी मुलांना विषारी कोळी चावतील अशी भीती व्यक्त केली. अध्यक्ष महोदयांनी निर्णय पुढे ढकलला आणि मला म्हणाले, “सर, आधी हे कोळी आहेत तरी कोण, ते आम्हांला सांगा.” त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

रोजच्या सूत्रातील कोळी

आपल्यापैकी अनेकजण नित्य सामायिक, प्रतिक्रमण करतात. त्यात इरियावहियं सूत्र येते. येता-जाता आपल्याकडून ज्या जीवांची विराधना झाली असेल, त्यांची क्षमा आपण त्या सूत्राने मागतो. बीज, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, पाणी, माती अशी नावे घेत घेत सूत्र एका शब्दापाशी येते : ‘मक्कडा-संताणा’. मक्कडा म्हणजे कोळी आणि संताणा म्हणजे त्याच्या तंतूंचा विस्तार, जाळे. प्राचीन आचार्यांनी केवळ कोळ्याचे नव्हे, तर त्याच्या जाळ्याचे नाव घेतले, कारण जाळे तुडवले की त्या जीवाचे घर, त्याचे अन्न आणि त्याचे श्रम तिन्ही तुडवले जातात. मी अनेक वर्षे हे सूत्र म्हणत होतो. या शब्दाशी मात्र मनाने कधी थांबलो नव्हतो.

त्याच सूत्राचा उत्तरार्ध अधिक सूक्ष्म आहे. जीवाला कोणकोणत्या रीतीने पीडा होते याची तेथे यादी आहे : लाथाडणे, धुळीने झाकणे, घासणे, एकत्र लोटणे, थकविणे, घाबरविणे, प्राण घेणे. आणि या यादीतच ‘एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे’ हेही आहे. म्हणजे मारले नाही, फक्त उचलून बाहेर टाकले, एवढ्याने आपण मोकळे होत नाही. या एका ओळीने माझ्या आजच्या व्याख्यानाची दिशा ठरविली आहे. जीव हलविण्यापूर्वी तो ओळखावा आणि ओळखल्यावर हलविण्याची गरजच उरते का, हे पाहावे.

जळमट वेगळे, जाळे वेगळे

मराठी भाषा या बाबतीत फार समृद्ध आहे. कोपऱ्यात धुळीने काळवंडून लोंबणारे ते जळमट किंवा कोळिष्टक. आणि झुडपात दवबिंदूंनी चमकणारे ते जाळे. मासे पकडणाऱ्या समाजालाही आपण कोळी म्हणतो आणि या जीवालाही कोळी म्हणतो; दोघांचे साधन जाळेच. संस्कृतात त्याला ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे असा, म्हटले आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात, कोळ्याचे दोन. त्याला पंख नसतात, मिशा नसतात. एप्रिल २०२२ मध्ये जगातील कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या ५०,००० वर पोहोचली. भारतात १,८०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशातील कोळ्यांच्या अभ्यासात डॉ. बिनय कृष्ण टिकादार यांचे नाव आदराने घेतले जाते. चक्राकार जाळे विणणाऱ्या कुलावरील त्यांचा ग्रंथ १९८२ साली ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालिकेत प्रसिद्ध झाला आणि आम्ही विद्यार्थी त्यावरूनच जाती ओळखायला शिकलो.

घराच्या आत जे कोळी दिसतात ते बहुधा चक्राकार जाळे विणणारे नसतात. छताच्या कोपऱ्यात लांबच लांब केसासारख्या पायांवर उलटा टांगलेला आणि हात लावताच अंग थरथरवणारा कोळी जळमटे करतो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसते. न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा पसरलेला करड्या रंगाचा चपटा कोळी पाहून मुले किंचाळतात. तो जाळे करीत नाही, रात्री फिरून झुरळे पकडतो. त्याची मादी पोटाखाली चकतीसारखी पांढरी पिशवी घेऊन फिरते, ती तिची अंडी होत. खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा, मान वर करून आपल्याकडे पाहणारा छोटा कोळी तिसरा. या तिघांची ओळख झाली की घरातील निम्मी भीती जाते.

अंगणातील विणकर

आता आपल्या बागेतील पाहुण्यांकडे वळू. सायकलच्या चाकाप्रमाणे मध्यापासून आरे आणि त्यांवर फिरत जाणारे वळसे, अशी ज्यांच्या जाळ्याची रचना असते त्यांना आपण चक्रजाल कोळी म्हणू. आपल्या परिसरात ते पुढीलप्रमाणे ओळखता येतात.

पहिला सहीवाला कोळी. जाळ्याच्या मध्यभागी पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी, बहुधा फुलीच्या आकाराची, काढलेली दिसते. जणू कारागिराने आपल्या कामावर सही केली आहे. मादी सेंटिमीटरभर लांब, पाठीवर पिवळे, रुपेरी आणि तपकिरी आडवे पट्टे. ती डोके खाली करून बसते आणि पाय दोन-दोन जोडून ठेवते, त्यामुळे तिला चारच पाय आहेत असा भास होतो. आपल्या जास्वंदीवर आहे ती हीच. जवळ गेल्यास ती पूर्ण जाळे झोपाळ्यासारखे हलवू लागते. तो हल्ला नव्हे. ती स्वतःला अस्पष्ट करून घेत असते.

दुसरा तंबू बांधणारा कोळी. याचे जाळे उभे नसून आडवे, घुमटाकार असते आणि त्याची वीण मलमलीसारखी बारीक असते. घुमटाच्या वर-खाली धाग्यांची गुंतागुंत असते. मेंदीच्या कुंपणावर, घायपातावर अशी अनेक जाळी एकमेकांना लागून वसाहतीसारखी दिसतात. घुमटावर वाळक्या मण्यांसारखी एकाखाली एक लोंबणारी माळ म्हणजे कचरा नव्हे, त्या अंड्यांच्या पिशव्या आहेत. कुंपण छाटताना सर्वांत जास्त हानी याच जीवाची होते.

तिसरा रात्रीचा विणकर. तपकिरी, गोलसर, अंगावर बारीक केस. व्हरांड्यातील दिव्याजवळ संध्याकाळी जाळे विणतो आणि पहाटेपूर्वी बहुधा ते गुंडाळून खाऊन टाकतो. दिवसा तो वळलेल्या पानात दडून बसतो. ज्या घरी रात्री दारात जाळे दिसते आणि सकाळी नाहीसे होते, त्या घरी हाच पाहुणा असतो.

चौथा काटेरी कोळी. नखाएवढा, पाठ खेकड्याच्या कवचासारखी कठीण, तिच्यावर पांढरे-पिवळे पट्टे आणि कडेला काट्यांच्या जोड्या. पाचवा रुपेरी कोळी, ओलसर झाडोऱ्यात जवळजवळ आडवे जाळे करणारा, पोटावर चांदीचा वर्ख लावल्यासारखा. सहावा, जो जाळ्याच्या मध्ये खाऊन उरलेल्या कचऱ्याची उभी रेघ लावतो आणि स्वतः त्या रेघेतच मिसळून बसतो.

आणि सर्वांत भव्य तो महाकाय वनकोळी. यवतेश्वरचा घाट चढताना पावसाळ्याच्या अखेरीस दोन झाडांमध्ये मीटरभर व्यासाचे जाळे दिसते. उन्हात त्याचे धागे खरोखर सोन्यासारखे पिवळे चमकतात. मादीचे शरीर तीन ते पाच सेंटिमीटर, काळे, त्यावर पिवळ्या रेघा. पाय पसरल्यावर ती मोठ्या माणसाच्या हाताएवढी भासते. त्याच जाळ्याच्या कडेला तांबूस रंगाचा जो चिमुकला जीव दिसतो, तो तिचे पिल्लू नव्हे, तो नर आहे.

यांपैकी कोणीही मनुष्याच्या जिवाला धोकादायक नाही. ते अंगावर धावून येत नाहीत. जाळ्याबाहेर त्यांची चाल अडखळत असते. मुठीत दाबल्यास किंवा कपड्यात चिमटल्यास ते चावू शकतात, त्याची वेदना मधमाशीच्या डंखाएवढी किंवा त्याहून कमी असते आणि बहुधा थोड्या वेळात शमते. अंगावर फोड उठले की ‘कोळी फिरला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. असे फोड पुष्कळदा नागीण या विषाणुजन्य विकाराचे असतात, किंवा रात्री दिव्यावर येणारा एक लहान भुंगेरा त्वचेवर चिरडल्याने आलेले असतात. अशा वेळी कोळ्याला दोष देत लेप लावत बसू नये, वैद्यांना दाखवावे.

एका रात्रीचे श्रम

जाळे कसे विणले जाते, हे एकदा तरी शांतपणे पाहावे. संध्याकाळी कोळी उंच जागी बसून वाऱ्यावर एक धागा सोडतो. तो समोरच्या फांदीला चिकटला की पूल तयार झाला. मग त्या पुलाच्या मध्यावरून खाली उतरून तो तीन दिशांना ताण देतो, तेथून चौकट आणि आरे बांधतो. त्यानंतर मध्यापासून बाहेरच्या दिशेने कोरड्या धाग्याचा एक तात्पुरता वळसा घालतो. ही जणू गवंड्याची परात. या परातीवर पाय ठेवीत तो बाहेरून आत येतो, चिकट धाग्याचा खरा वळसा घालतो आणि येता येता तात्पुरता धागा काढून टाकतो. अर्ध्या ते एका तासात हे काम पुरे होते. अशा मादीच्या शरीरात सात प्रकारचे तंतू निर्माण करणाऱ्या ग्रंथी असतात : चौकटीचा वेगळा, चिकट वळशाचा वेगळा, अंड्यांच्या पिशवीचा वेगळा.

जुने जाळे कोळी खाऊन टाकतो आणि त्यातील बराचसा भाग पुन्हा नव्या तंतूसाठी उपयोगात आणतो. काहीही वाया न घालविण्याची ही रीत पाहून मला नेहमी आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया आठवतात.

आपल्या जीवविचारात कोळ्याची गणना चतुरिंद्रिय जीवांत होते. त्याला स्पर्श, रस, गंध आणि रूप यांचे ज्ञान आहे, श्रवणेंद्रिय नाही. विज्ञानही सांगते की त्याला कान नसतात. डोळे बहुधा आठ असतात, परंतु जाळे विणणाऱ्यांची दृष्टी मंद असते. तरीही तो जाळ्याच्या कंपनावरून माशी कोठे आहे, वारा आहे की शत्रू आहे, हे जाणतो. अमेरिकेतील बिंगहॅमटन आणि कॉर्नेल विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखविले, की एक चक्रजाल कोळी हवेतून येणारा आवाजसुद्धा जाळ्याच्या कंपनातून पायांनी ओळखतो आणि आवाजाच्या दिशेला वळतो. स्पर्शेंद्रियानेच तो ऐकतो. अशा जीवाचे जाळे काढून घेणे म्हणजे त्याचे घरच नव्हे, एका अर्थी त्याचे कानही काढून घेणे आहे.

बाईंचा प्रश्न

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. आम्ही आईला ‘बाई’ म्हणत असू. १९७६ च्या पावसाळ्यात मी बी.एस्सी.ला होतो. प्राणिशास्त्राच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने काही नमुने जमवून बाटलीत ठेवायचे असत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे जुने घर होते आणि परसात जास्वंद होती. त्या जास्वंदीवरची सहीवाली कोळीण मी एका सकाळी स्पिरिटच्या बाटलीत टाकली, वर चिठ्ठी लावली, आणि फार सुबक नमुना मिळाला म्हणून आनंदात बाटली कोनाड्यात ठेवली.

दुपारी बाई झाडांना पाणी घालून आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि एवढेच विचारले, “हिची अंडी कुठे आहेत रे?” मला उत्तर देता आले नाही. जिचे शास्त्रीय नाव मी चिठ्ठीवर लिहिले होते, तिने पानाआड अंड्यांची पिशवी बांधली आहे हे मी पाहिलेच नव्हते. बाई शाळेत चौथीपर्यंतच शिकलेल्या. पण महिनाभर रोज पाणी घालताना ते जाळे चुकवून त्या पाणी घालीत होत्या आणि ती पिशवी त्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मी म्हणालो, “चूक माझी, उपवास तुम्ही का करता?” त्या म्हणाल्या, “माझ्या अंगणातून गेली म्हणून.”

पुढे कित्येक दिवस त्यांनी त्या फांदीला कोणालाही हात लावू दिला नाही. एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. पिशवी फुटून मोहरीहून लहान अशी असंख्य पिल्ले पानावर जमली होती. एकेक पिल्लू पानाच्या टोकावर जाई, शेपटाकडचा भाग उंच करी, एक तंतू वाऱ्यावर सोडी आणि त्या तंतूबरोबर उडून जाई. विज्ञानाच्या पुस्तकात मी हे वाचले होते. पाहिले त्या दिवशी. बाई हात जोडून उभ्या होत्या.

त्यानंतर मी तीस-पस्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविले. अभ्यासक्रमात होते म्हणून विच्छेदनही शिकविले. ते मनाला टोचत नव्हते असे मी म्हणणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांचे विच्छेदन थांबविण्याचे निर्देश दिले. ते वाचले तेव्हा बाई हयात नव्हत्या. ती बाटली मात्र अजून माझ्या कपाटात आहे. मी ती टाकलेली नाही आणि टाकणारही नाही.

पाठशाळेतील प्रश्न

मागील महिन्यात पाठशाळेत हा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने मला अडविले. तो म्हणाला, “सर, कोळ्याला वाचविले तर तो माशी खाणार. मग माशीचे पाप कोणाला?” प्रश्न लहान मुलाचा असला तरी टाळण्यासारखा नाही.

कोळी मांसाहारी आहे, हे आपण झाकून ठेवू नये. मध्य अमेरिकेत आणि मेक्सिकोत बाभळीच्या जातीच्या झाडांवर राहणारा एक उड्या मारणारा कोळी मुख्यतः वनस्पतींवर जगतो, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. त्याचे नाव बघीरा किप्लिंगी. परंतु तो अपवाद आहे. दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यातील बहुतांश कीटक असतात. म्हणून पुष्कळ लोक सांगतात, कोळी डास खातो, तो उपयोगी आहे, त्याला ठेवा. मी आपल्याला असे सांगणार नाही. डास मारून घेण्यासाठी कोळी पाळणे म्हणजे दुसऱ्याकरवी करविणे झाले. आणि त्याने मारले म्हणून आनंद मानणे म्हणजे अनुमोदन झाले. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आपल्या धर्मात आहे.

मग उत्तर काय? मी त्या मुलाला माझ्या अल्पमतीने एवढेच म्हणालो : कोळी त्याच्या कर्माने आणि स्वभावाने जगतो, माशीही तशीच. तू त्या दोघांचा न्यायाधीश नाहीस. तुझ्या हातात केरसुणी आहे, तिचा हिशेब तुला द्यायचा आहे. आणि माशी जाळ्यात कशामुळे येते हेही पाहा. रात्रभर दारात दिवा तू जळत ठेवलास, कीटक दिव्यावर आले, कीटकांमागे कोळी आला. दिवा विझविलास तर कीटकही वाचतील आणि कोळीही आपोआप झुडपात जाईल. येथे तुझी जयणा दोघांनाही उपयोगी पडते. यापलीकडचा सूक्ष्म विचार पूज्य महाराजसाहेबांना विचारावा.

घरी काय करावे

काही व्यवहारी सूचना करतो आणि थांबतो.

घर रोज झाडावे, कोपरेही रोज पुसावेत. स्वच्छ जागी जीव वस्तीस येत नाही. वस्तीस आल्यावर त्याला उठविणे ही विराधना, येऊच न देणे ही जयणा. जळमट काढण्यापूर्वी विजेरी लावून पाहावे. धूळ भरलेले आणि रिकामे असेल तर काढावे. रहिवासी असेल तर त्याला आधी मऊ पुंजणीने बाजूला होऊ द्यावे.

व्हरांड्यातील दिवा गरजेपुरताच लावावा आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा लावावा. त्यावर कीटक कमी येतात. खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, भिंतींच्या फटी बुजवाव्यात, पाणी साचू देऊ नये.

वाटेत आडवे जाळे आले तर प्रथम थांबावे. रात्रीच्या विणकराचे असेल तर ते सकाळपर्यंत तो स्वतःच काढेल. तेवढा वेळ नसेल तर वाटेकडच्या बाजूचा आधाराचा एखादा धागा काडीने सोडवून झुडपाकडे न्यावा, कोळी त्या बाजूला सरकतो. अगदीच निरुपाय झाला तर काचेचा पेला आणि कडक कागद घेऊन कोळ्याला उचलावे, त्याच आवारातील सावलीच्या झुडपावर सोडावे आणि मनोमन क्षमा मागावी. हातांनी धरू नये. त्याचे पाय सहज तुटतात.

अंड्यांच्या पिशवीला हात लावू नये. आपले पर्युषण भाद्रपदाच्या सुमारास येते, तेव्हा ही जाळी भर वाढीत असतात. आणि आपण दिवाळीची साफसफाई काढतो, तेव्हा पुष्कळ माद्या अंडी घालत असतात किंवा घालून गेलेल्या असतात. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात, तो जीवोत्पत्तीमुळेच. त्याच काळात आपली कात्री कुंपणावर चालू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

कीटकनाशकाची फवारणी कोळी, फुलपाखरू, मधमाशी आणि डास यांत भेद करीत नाही. ती पानावर आणि मातीत राहते. ज्या आवारात गाळलेले पाणी पिण्याचा नियम आहे, त्या आवारात हवेतून विष शिंपडणे कसे बसते, याचा विश्वस्तांनी विचार करावा.

माझी एक विनंती आहे. रंगरंगोटी अवश्य व्हावी. वास्तू सुंदर दिसलीच पाहिजे. परंतु फवारणी रद्द करावी, आणि रंगारी येण्याच्या आदल्या संध्याकाळी पाठशाळेच्या मुलांनी मोठ्यांसोबत आवारात एक फेरी मारावी. जेथे जाळे असेल, अंड्यांची पिशवी असेल, तेथे कुंपणाला पांढरी चिंधी बांधावी. तेवढा तुकडा पिल्ले निघून जाईपर्यंत तसाच राहू द्यावा. कोणी विचारले की येथे रंग का लागला नाही, तर मुलांनी सांगावे. मला वाटते, महोत्सवाच्या कोनशिलेपेक्षा ते उत्तर अधिक काळ टिकेल.

पुढच्या वेळी इरियावहियं म्हणताना ‘मक्कडा-संताणा’ या शब्दापाशी क्षणभर थांबा आणि आपल्या अंगणातील एखादे जाळे डोळ्यांसमोर आणा. मी थांबतो, तेव्हा मला एक बाटली दिसते आणि बाईंचा प्रश्न ऐकू येतो. आपल्या मुलांना तो प्रश्न ऐकावा लागू नये, एवढीच इच्छा.

माझ्या बोलण्यात शास्त्राविरुद्ध किंवा कोणाच्या मनाला लागेल असे काही आले असेल, तर मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र.

(व्याख्यानानंतर विश्वस्त मंडळाने बागेतील फवारणी रद्द केल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. पाठशाळेच्या मुलांनी कुंपणाला बांधलेल्या चिंध्यांची संख्या अकरा भरली.)